चौघांचे तीन रात्रींचे जेवण : हलके, परवडणारे आणि घरी तयार केलेले

पत्र : आम्ही चौघे मित्रमैत्रिणी पहिल्यांदाच तीन रात्रींच्या तंबूमुक्कामाला निघालो आहोत. सगळे सामान पाठीवर न्यायचे आहे. गिर्यारोहकांसाठी मिळणाऱ्या तयार जेवणाच्या पाकिटांचा चौघांसाठी हिशेब केला, तर तो खर्च सहलीच्या बाकी सगळ्या खर्चापेक्षा जास्त निघाला. डबाबंद पदार्थ स्वस्त आहेत, पण ते फार जड होतात. आमच्याकडे एक छोटा गॅस स्टोव्ह आणि दोन लिटरचे एक पातेले आहे. आमच्यापैकी दोघे शाकाहारी आहेत. मुक्कामाच्या जागी झऱ्याचे पाणी आहे असे कळते. तिन्ही दिवस नुसत्या नूडल्सवर काढायचे नसतील, तर काय न्यावे, किती न्यावे आणि आधी काय तयारी करावी?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती झऱ्याची आहे, म्हणून ती आधी नीट पडताळून घ्या. सुके अन्न हलके असते ते केवळ त्यातले पाणी काढून टाकलेले असते म्हणून, आणि ते पाणी जेवणाच्या वेळी परत घालावेच लागते. ते मुक्कामाच्या जागी मिळणार असेल तर तुमच्या पाठीवरचे कित्येक किलो कमी होतात. मिळणार नसेल तर एक लिटर पाण्याचे वजन एक किलो या दराने ते सगळे ओझे परत येते आणि सुकवण्याची मेहनत वाया जाते. झरा त्या ऋतूत वाहतो का, हे नुकतेच तिथे जाऊन आलेल्या कोणाला तरी विचारा. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळल्याशिवाय किंवा गाळणी वा गोळ्यांनी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. उकळणार असाल आणि जागा २,००० मीटरपेक्षा उंच असेल तर तीन मिनिटे उकळा.

आता त्या महाग पाकिटांविषयी. त्यांतला उत्तम प्रकार अन्न गोठवून आणि निर्वात पेटीत ठेवून सुकवलेला असतो. त्यात बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जातो, त्यामुळे भाजीचा आकार आणि चव चांगली टिकते. या प्रक्रियेला खर्चिक यंत्रे, वीज आणि बराच वेळ लागतो, आणि पाकिटाच्या किमतीतला मोठा भाग त्याचाच असतो. आत असते ते मात्र बहुतेक वेळा भात, पास्ता, डाळी, भाजी आणि मसाला एवढेच. हे सगळे साध्या गरम हवेवर घरी सुकवता येते. घरचा तुकडा परत भिजायला पाच-दहा मिनिटे जास्त घेतो आणि वर्षानुवर्षे टिकत नाही, पण तीन रात्रींसाठी या दोन्ही उणिवा नगण्य आहेत. ही पाकिटे विकत घेऊ नका, असे मी तुम्हाला निःशंकपणे सांगेन.

कोणता पदार्थ न्यावा हे ठरवताना त्याच्या १०० ग्रॅममधून किती ऊर्जा मिळते, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. स्निग्ध पदार्थातून ग्रॅममागे सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनांतून सुमारे ४, आणि पाण्यातून शून्य. म्हणून तेलाच्या १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ९०० किलोकॅलरी असतात, शेंगदाणे-बदामांत ५५० ते ६००, पूर्ण स्निग्धांशाच्या दूध पावडरीत सुमारे ५००, ओट्स, तांदूळ, पास्ता, सुकी डाळ यांत ३५० ते ३८०, मनुका-खजुरांत ३०० च्या आसपास, डबाबंद शिजवलेल्या कडधान्यांत जेमतेम १०० आणि ताज्या टोमॅटोत २० सुद्धा नाहीत. डबाबंद कडधान्यांवरच दिवस काढायचा म्हटला, तर एका माणसाला रोज जवळपास तीन किलो उचलावे लागतील, रिकामे डबे परत आणायचे ते वेगळेच. डबे तुम्हाला जड वाटले ते अगदी बरोबर आहे.

या आकड्यांवरून एका माणसाच्या एका दिवसाचा शिधा असा बसतो. सकाळी ८० ग्रॅम ओट्स, २५ ग्रॅम दूध पावडर, २० ग्रॅम मनुका, १५ ग्रॅम बदाम किंवा शेंगदाणे आणि १० ग्रॅम साखर. दुपारी आणि वाटेत ८० ग्रॅम कोरडा ब्रेड किंवा बिस्किटे, ३० ग्रॅम पीनट बटर, ८० ग्रॅम शेंगदाणे किंवा इतर दाणे आणि ६० ग्रॅम सुकी फळे. रात्री १०० ग्रॅम सुकवलेला भात, ५० ग्रॅम सुकवलेली डाळ, १५ ग्रॅम सुकवलेली भाजी, १५ ग्रॅम तेल, आणि मीठ-मसाला १० ग्रॅम. शिवाय चहा-कॉफीसाठी २० ग्रॅम दूध पावडर आणि २० ग्रॅम साखर. एकूण वजन ६३० ग्रॅम होते आणि ऊर्जा सुमारे २,७०० किलोकॅलरी. रोज मध्यम चाल असेल तर बहुतेक प्रौढांना एवढे पुरते. मोठी चढण, कडक थंडी किंवा धिप्पाड शरीर असेल तर दाणे आणि तेल वाढवा, कारण कमीत कमी वजनात जास्तीत जास्त ऊर्जा त्यांतूनच मिळते. पहिल्या दिवशीचे दुपारचे जेवण घरून ताजे करून न्या आणि वाटेतच संपवा. मग तीन रात्रींसाठी तुम्हाला तीन पूर्ण दिवसांचा शिधा लागेल, म्हणजे चौघांचा मिळून साधारण साडेसात किलो. प्रत्येकाच्या वाट्याला दोन किलोंपेक्षा कमी येईल.

आता रात्रीच्या जेवणाकडे वळतो, कारण खरी मेहनत तिथे आहे आणि चूक झाली तर तीही तिथेच होते. भात आणि डाळ शिजवून सुकवल्यामुळे वजन कमी होते, असा अनेकांचा समज असतो. पण १०० ग्रॅम कोरडी डाळ शिजवून पुन्हा पूर्ण सुकवली की साधारण १०० ग्रॅमच भरते. या खटाटोपातून वाचतो तो गॅस आणि वेळ. दाण्यातला स्टार्च घरीच शिजून फुललेला असल्यामुळे मुक्कामावर त्याला पुन्हा शिजवावे लागत नाही, त्याने फक्त पाणी शोषून मऊ व्हायचे असते. कच्च्या तांदळाला आणि डाळीला पंधरा-वीस मिनिटे आच लागते. सुकवलेल्या भाताला आणि डाळीला एक उकळी आणि झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती एवढे पुरते.

भात नेहमीपेक्षा थोडा मोकळा शिजवा, पाण्याखाली एकदा धुऊन चिकटपणा काढा आणि ताटात दाण्यावर दाणा येणार नाही असा पातळ पसरा. डिहायड्रेटर (गरम हवेवर अन्न सुकवण्याचे यंत्र) असेल तर ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर ठेवा. नसेल तर ओव्हनचे तापमान सर्वांत कमी ठेवून दार किंचित उघडे राहू द्या, म्हणजे वाफ बाहेर पडेल. सहा ते दहा तासांत दाणे कडक होतात. दाताखाली टचकन तुटला की झाले, चिवट लागला तर अजून ओल आहे. डाळ दाट शिजवा, बेकिंगच्या कागदावर पातळ थर द्या, पापुद्र्यासारखा तडकेपर्यंत सुकवा आणि हाताने चुरा करा. सालीशिवायची मसूर डाळ यासाठी सर्वांत सोयीची आहे, कारण ती लवकर शिजते आणि तिचा चुरा काही मिनिटांत पाण्यात मिसळून जातो. भाजीसाठी मी गोठवलेल्या मिश्र भाज्यांची पिशवी सुचवेन. तिच्यातले वाटाणे, गाजर, मका आधीच चिरलेले आणि वाफवलेले असल्यामुळे पिशवी फोडून थेट ताटात पसरता येतात. टोमॅटोची प्युरी कागदावर पसरून सुकवली की आंबटगोड पापडी मिळते. तिचा तुकडा भाताच्या पातेल्यात टाकला की साऱ्या जेवणाची चव बदलते. कांदा जरूर सुकवा, पण त्याचा वास घरभर आणि इतर पदार्थांना लागतो, म्हणून तो वेगळा सुकवावा.

इथे तीन गोष्टींविषयी मी आग्रही आहे. शिजवलेला भात खोलीच्या तापमानावर तासन् तास ठेवू नका. शिजवूनही जिवंत राहणारे काही जिवाणूंचे बीजाणू त्यात वाढतात, आणि ते तयार करतात त्यातले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. भात शिजला की तो लगेच पसरून सुकवायला ठेवा. मुक्कामावर उरलेला भिजवलेला भातही सकाळसाठी राखू नका. दुसरी गोष्ट तेलाची. सुकवायच्या अन्नात तेल, तूप, लोणी घालू नका. स्निग्धांश सुकत नाही, तो खवट होतो. तेल घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत वेगळे न्या आणि वाढताना वरून घाला. तिसरी गोष्ट राजम्याची. त्यात एक नैसर्गिक विष असते. ते घालवण्यासाठी दाणे काही तास भिजवून, पाणी बदलून, नंतर पूर्ण उकळत्या पाण्यात खळखळून शिजवावे लागतात, आणि ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजवले तर ते कच्च्यापेक्षाही अपायकारक ठरू शकतात. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो, म्हणजे ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या जवळपासच उकळते. अशा ठिकाणी कच्चे कडधान्य नेणे चूकच आहे. राजमा आवडत असेल तर घरी पूर्ण शिजवून सुकवा किंवा मसुरीवर समाधान माना.

जे दोघे मांसाहारी आहेत त्यांच्यासाठी वेगळे शिजवण्यात अर्थ नाही. पातेले एकच आहे. भात, डाळ, भाजी सर्वांसाठी सारखी ठेवा आणि हवे असल्यास ट्यूनासारखा शिजवलेला मासा मऊ पाकिटात मिळतो, तो ज्याने त्याने आपल्या ताटात घ्यावा. घरी मांस सुकवण्याचा प्रयोग पहिल्याच सहलीसाठी करू नका, आणि अंडी घरी कधीच सुकवू नका.

घरी ओव्हनही नसेल किंवा सुकवण्याइतका वेळ मिळाला नाही, तरीही वाण्याच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या जिनसांतून रात्रीचे जेवण उभे राहते. कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे, आधीच वाफवून सुकवलेला असतो आणि उकळत्या पाण्यात पाच मिनिटांत फुलतो. तांदळाच्या बारीक शेवया तेवढ्याच वेळात होतात. बटाट्याच्या सुक्या चुऱ्यात गरम पाणी, दूध पावडर, तेल आणि मिरपूड घातली की थकलेल्या माणसाला हवे असते तसे मऊ, गरम अन्न ताटात येते. त्यात प्रथिने कमी असल्याने भाजलेल्या डाळीचे पीठ किंवा दाण्याचे कूट मिसळा. नूडल्सचा तुम्हाला कंटाळा आहे हे समजते, तरी त्या अगदीच वर्ज्य करू नका. एखाद्या रात्री त्यात सुकी भाजी, मूठभर शेंगदाणे आणि चमचाभर पीनट बटर घातले की ते पूर्ण जेवण होते, आणि बाकी दोन रात्री भात-डाळ आणि कुसकुस असताना त्या कंटाळवाण्याही वाटत नाहीत.

दुपारी स्टोव्ह पेटवूच नका. सामान उघडणे, पाणी आणणे, भांडे थंड होऊ देणे, सगळे पुन्हा बांधणे यात तासभर सहज जातो, आणि वाऱ्यात गॅस जास्त जळतो तो वेगळाच. कोरडा ब्रेड, पीनट बटर, दाणे, सुकी फळे यांची प्रत्येकाची रोजची पिशवी वेगळी भरून ज्याच्या त्याच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. सामाईक मोठी पिशवी पहिल्याच दिवशी निम्मी संपते. तुमच्यापैकी कोणाला शेंगदाण्यांची ॲलर्जी असेल, तर चौघांच्याही सामानातून शेंगदाणे काढून टाका आणि त्याऐवजी सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया घ्या. एकच चमचा आणि एकच पातेले असताना वेगळे ठेवण्याची खबरदारी पाळली जात नाही.

गॅसचा हिशेब बहुतेक लोक अंदाजाने करतात, म्हणून एक तर अर्धा भरलेला डबा परत येतो किंवा शेवटच्या सकाळी आच विझते. शांत हवेत, झाकण ठेवून, एक लिटर पाणी उकळायला लहान स्टोव्हला साधारण १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. नाश्ता, दोन वेळचे गरम पेय आणि रात्रीचे जेवण मिळून माणशी रोज एक लिटर पाणी उकळावे लागेल असे धरले, तर चौघांना तीन दिवसांत बारा लिटर, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम गॅस. २३० ग्रॅमचा एक डबा थोड्या शिलकीसह यात बसतो. पण हा हिशेब शिजवून सुकवलेल्या अन्नाचा आहे; कच्चा तांदूळ आणि डाळ नेली, किंवा पिण्याचे सगळे पाणीही उकळूनच घ्यायचे ठरवले, तर दुसरा डबा लागेलच. पिण्याच्या पाण्यासाठी गाळणी किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या नेणे त्यामुळे स्वस्त पडते. हवा शून्याच्या खाली जाणार असेल तर नुसत्या ब्युटेनचा डबा घेऊ नका, तो थंडीत वायुरूपच होत नाही. प्रोपेनमिश्रित डबा घ्या. वाऱ्यासाठी दगडांचा आडोसा करा, मात्र डब्यावर चालणाऱ्या स्टोव्हला चहूबाजूंनी पत्रा गुंडाळू नका, डबा तापून फुटण्याचा धोका असतो. आणि बाहेर कितीही पाऊस असला तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने झोपेतच माणसे दगावतात.

तुमच्या दोन लिटरच्या पातेल्यात चौघांचे जेवण एकदम करायला गेलात तर ते उतू जाईल. त्यात फक्त पाणी उकळा आणि प्रत्येकाने आपल्या झाकणाच्या वाडग्यात सुके मिश्रण घेऊन त्यावर ते ओतावे, हे अधिक सोपे आहे; पातेले खरकटे होत नाही आणि ज्याला तिखट हवे त्याला तिखट मिळते. मिश्रणाच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी घ्या, म्हणजे वर दिलेल्या शिध्याला सुमारे ३५० मिलिलिटर. पाणी उकळण्याआधी दहा-पंधरा मिनिटे मिश्रण थोड्या शुद्ध केलेल्या थंड पाण्यात भिजत ठेवले तर ते एकसारखे मऊ होते. तेवढे पाणी मग ओतताना कमी घ्या. गरम पाणी ओतल्यावर वाडगा लोकरीच्या टोपीत किंवा जाड कपड्यात गुंडाळा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत उकळते पाणी ओतू नका. त्यासाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्याच वापरा.

चवीकडे दुर्लक्ष करू नका. दिवसभर चालल्यावर, विशेषतः उंचावर, भूक मंदावते, आणि बेचव अन्न अर्धवट टाकले जाते. मग दुसऱ्या दिवशी पायांत बळ राहत नाही. मीठ घामावाटे जाते, त्यामुळे घरी लागते त्याहून थोडे जास्त रुचते. तळलेला सुका कांदा, लसणाची पूड, मिरी, जिरे, आंबटपणासाठी लिंबाची पूड यांच्या चिमट्या लहान पुड्यांत बांधून न्या. त्यांचे वजन नगण्य असते.

निघण्यापूर्वी किमान एक रात्र हेच जेवण घरी, त्याच स्टोव्हवर, त्याच वाडग्यांत करून पाहा. वाटाणे कडक राहिले तर अजून लहान तुकडे हवेत हे कळेल, मीठ कमी पडले तर कळेल, आणि डाळी व सुकी फळे एकदम वाढल्यावर कोणाच्या पोटात वायू धरतो तेही घरीच कळलेले बरे. नंतर प्रत्येक जेवण वेगळ्या पिशवीत भरून त्यावर दिवस, वेळ आणि किती पाणी घालायचे ते लिहा. दुकानातले खोके आणि जाड वेष्टने घरीच सोडा.

शिध्याबाहेर माणशी एक वेळचे, न शिजवता खाता येईल असे अन्न राखीव ठेवा, आणि शेवटची वाट संपेपर्यंत त्याला हात लावू नका. जिथे वन्य प्राणी असतात तिथे रात्री कोणतेही अन्न तंबूत ठेवू नका; उंच टांगण्याचा किंवा बंद पेटीचा त्या प्रदेशाचा जो नियम असेल तो पाळा. हात साबणाने धुण्याची जागा झऱ्यापासून किमान ६० मीटर दूर ठरवा आणि दाण्यांच्या पिशवीत हात घालण्याऐवजी दाणे तळहातावर ओतून घेण्याचा नियम चौघांनीही पाळा, कारण अशा मुक्कामात पोट बिघडते ते बहुतेक वेळा अन्नामुळे नव्हे, तर एकमेकांच्या न धुतलेल्या हातांमुळे.